स्प्रिंगबॉक संघाची निवड

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रग्बी संघाला स्प्रिंगबॉक म्हणतात. सामन्यासाठी २३ जण निवडले जातात: १५ मैदानात, ८ राखीव. वर्णभेदाच्या राजवटीत हा संघ बहुतांश काळ फक्त गोऱ्यांचा होता. एरोल टोबायस १९८१ मध्ये पहिले गोरेतर कसोटी (आंतरराष्ट्रीय सामन्यातले) खेळाडू ठरले. १९९५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातही चेस्टर विल्यम्स एकटेच गोरेतर होते. त्यामुळे इथली संघनिवड कधीच निव्वळ खेळापुरती नसते.

२०१७ मध्ये न्यूझीलंडकडून ५७–० अशी मानहानी पत्करलेला संघ पुढच्या वर्षी रासी इरॅस्मस यांच्या हाती आला. त्यांनी सिया कोलिसी यांना कर्णधार नेमले. कसोटी संघाचे हे पहिले कृष्णवर्णीय कर्णधार. त्यांच्या पहिल्याच कसोटीत संघ इंग्लंडविरुद्ध ३–२४ असा मागे पडूनही ४२–३९ ने जिंकला. २०१९ चा विश्वचषक जिंकताना सुरुवातीच्या १५ जणांत ६ गोरेतर होते, आणि अंतिम सामन्यातले दोन्ही ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) त्यांच्यापैकीच मापिंपी व कोल्बे यांनी केले.

इरॅस्मस यांची खरी करामत राखीव फळीत दिसते. त्या ८ जणांत त्यांनी ६ फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू, घेतले. स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करतात त्यात) पहिल्या रांगेची ताकद उत्तरार्धात ओसरते, नेमक्या त्या वेळी ताज्या दमाची फळी उतरवायची. या राखीव फळीला ‘बॉम्ब स्क्वॉड’ हे नाव पडले. धोका उघड आहे: मागच्या फळीतले दोन-तीन खेळाडू, म्हणजे बॅक, जायबंदी झाले तर जागा भरायला माणूस उरत नाही.

२०२३ च्या विश्वचषकात मुख्य प्रशिक्षक जॅक नीनाबर होते, तर इरॅस्मस रग्बी संचालक. हूकर (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला मधला फॉरवर्ड) माल्कम मार्क्स जायबंदी झाल्यावर या दोघांनी दुसरा हूकर न बोलावता फ्लायहाफ (खेळाची सूत्रे हलवणारा बॅक) हान्द्रे पोलार्ड यांना बोलावले. उपांत्य सामन्यात मॅनी लिबॉक यांना पूर्वार्धातच बाहेर काढून पोलार्ड यांना उतरवले. अखेरच्या मिनिटांत त्यांच्याच पेनल्टीने इंग्लंडला १६–१५ असे हरवले. अंतिम सामन्यासाठी राखीव फळीत ७ फॉरवर्ड आणि १ बॅक होता. सुरुवातीलाच हूकर बोंगी म्बोनांबी बाहेर गेले आणि ३७ वर्षांचे डिऑन फूरी उरलेला जवळजवळ सगळा सामना त्यांच्या जागी खेळले. लाइनआउट (बाजूरेषेबाहेर गेलेला चेंडू आत फेकणे, जे सहसा हूकरचे काम) विस्कटले, पण न्यूझीलंडवरच्या १२–११ अशा विजयातले सगळे गुण पोलार्ड यांचे होते.

दमलेल्यांसमोर ताजे फॉरवर्ड सोडणे धोक्याचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. मात्र मुभा सर्वच संघांना सारखी आहे. मार्च २०२५ मध्ये फ्रान्सने डब्लिनला हीच ७–१ रचना वापरून आयर्लंडला ४२–२७ असे हरवले.