चढावर थांबलेली गाडी आणि सिमेंटची दोन पोती

रविवार म्हणजे जोतिबाचा वार. केर्लीकडून डोंगर चढताना पुढची रांग थांबली आणि नुकतंच लायसन्स मिळालेली माझी भाची स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाली, "मामा, हँडब्रेक धरंल का ओ? सुटला तर मागच्या गाडीवरच जाणार आपण."

नव्या चालकाची ही भीती अगदी रास्त आहे. पण चढ गाडीला मागे ओढतो तरी किती, हे आधी मोजू या. दहा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता हजार किलोच्या गाडीला साधारण 100 किलोच्या जोराने ओढतो. म्हणजे सिमेंटची दोन पोती. बाकीचा भार रस्ताच पेलतो. चढ दुप्पट झाला तर पोती चार. युनोच्या वाहन नियमांत तर भरलेली कार 20 टक्के चढावर, म्हणजे पाच मीटरला एक मीटर, नुसत्या हँडब्रेकवर उभी राहिली पाहिजे अशी अट आहे, मग तिचं तोंड वर असो की खाली.

हँडब्रेकचा दांडा ओढताना कर्रकर्र वाजतं, तेव्हा आतला खटका दातेरी पट्टीवर एकेक दात पुढे सरकत असतो. दांड्याला जोडलेली केबल मागच्या चाकांच्या ड्रममधले, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्यातले शू (अर्धगोल ब्रेकपट्ट्या) बाहेर फाकवून ड्रमवर दाबते. पायाच्या ब्रेकच्या ऑइलशी तिचा काही संबंध नाही.

भाचीने दांडा ओढला, पायाचा ब्रेक सोडला, आणि गाडी किंचित मागे दबली. ती दचकली. नव्या माणसाचा धीर सुटतो तो नेमका इथेच. खरं तर तेव्हा चारही चाकांवर वाटलेला ताण फक्त मागच्या दोन चाकांवर येतो. चाकांच्या जोडातले रबरी बुश आणि टायर थोडे ताणले जातात, शू आपल्या जागी टेकतात. शिवाय ड्रम मागे फिरू लागला की दोनपैकी एका शूला तोच आत खेचून घेतो आणि पकड आणखी घट्ट होते. पाचर ठोकावी तसं.

"पण असा धरून ठेवला तर लायनर झिजतील की!" तिची पुढची शंका. शूवरची ही अस्तरं नाही झिजत. झिजायला घासावं लागतं आणि घासायला सरकावं लागतं. चाक हलतच नाही, त्यामुळे तासभर उभं राहिलं तरी तिथे उष्णता तयार होत नाही. झिजतो तो क्लच. अनेक जण चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, घासत ठेवून गाडी तोलून धरतात आणि त्यालाच कौशल्य समजतात. मला ते मुळीच पटत नाही. त्या दोन पोत्यांसाठी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला 1200 फेऱ्यांवर असताना, क्लचमध्ये अंदाजे सव्वादोन-अडीच किलोवॉट उष्णता तयार होते. बाथरूममधला दोन किलोवॉटचा गिझर क्लच प्लेटवर चालू ठेवल्यासारखंच हे. रांग थांबली की हँडब्रेक ओढावा. निघताना क्लच हळू सोडत, इंजिनचा आवाज जड होऊन बॉनेट जरा उचललं की थोडा रेस देऊन दांडा खाली करावा. तिसऱ्या प्रयत्नात भाचीला ते जमलं. गाडी इंचभरही मागे गेली नाही.

काळजी करायची ती टायरच्या पकडीची. ब्रेक चाक धरतो, रस्ता धरायचं काम टायरचं. पावसात गगनबावड्याकडे शेवाळलेल्या, चिखलाच्या उतारावर चाक घट्ट असूनही गाडी घसरू शकते. तोंड उताराकडे असेल तर मागच्या चाकांवरचा भार आणखी कमी होतो. म्हणून उभी करताना चढाकडे तोंड असल्यास पहिला, उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर टाकावा आणि चाकाला दगड लावावा.

आणि मागे ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात ती चकती असेल, तर पन्हाळ्याहून ब्रेक दाबत उतरून वाघबिळाजवळ उतारावर गाडी लावल्यावर लगेच निघून जाऊ नये. तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड सैल पडते. चहा पिऊन होईपर्यंत थांबावं आणि दांडा आणखी एक-दोन दात ओढून घ्यावा.