पाण्यातील अळीनाशक आणि झिका : एका जुन्या समजाचा खुलासा

ब्राझीलमध्ये 2015-16 साली लहान डोक्याची बाळे जन्मली ती झिका विषाणूमुळे नव्हे, तर डासांच्या अळ्या मारण्यासाठी पिण्याच्या पाण्यात टाकलेल्या पायरिप्रॉक्सिफेनमुळे, हा दावा अजूनही फिरत असतो. तो खरा असता, तर जिथे हे औषध वापरलेच जात नव्हते त्या रेसिफे शहरात इतकी बाळे बाधित का झाली, याचे उत्तर मिळायला हवे होते. फ्रेंच पॉलिनेशियातील 2013-14 च्या झिका साथीनंतरही मेंदूची वाढ खुंटलेली बाळे आढळली होती. हे औषध कीटकांच्या बालसंप्रेरकाची नक्कल करून अळीचा डास होऊ देत नाही. माणसात ते संप्रेरकच नसते. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे, म्हणजे रोज दोन लिटर पाण्यातून 0.02 मिलिग्रॅम पोटात जाते, तर 60 किलो वजनाच्या व्यक्तीसाठी रोजचे सुरक्षित प्रमाण 6 मिलिग्रॅम मानले जाते. अर्थात हा निर्वाळा याच औषधापुरता आणि याच मात्रेपुरता आहे. बंद खोलीत फवारलेल्या पायरेथ्रॉइडने (डास मारण्याच्या फवाऱ्यांतील कीटकनाशकांचा एक वेगळा गट) दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो, ही तक्रार खोटी नाही.