कॅम्परव्हॅनमध्ये राहताना सोबत कोणते पार्ट ठेवावेत?

(रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपच्या ग्राहकांसाठी)

गाडी ताब्यात घेताना जवळपास प्रत्येकजण विचारतो, “स्पेअरमध्ये काय काय घेऊन ठेवू?” बहुतेकांच्या मनात तेव्हा इंजिन असतं. आमचा सल्ला असा, की फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी असेल तर इंजिनाचे पार्ट फार साठवू नका. याच गाड्या गावोगाव रुग्णवाहिका आणि शाळेच्या बस म्हणून धावतात, त्यामुळे फिल्टर, ब्रेकचं सामान आणि ते बसवणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडतो. बेल्ट, एक डिझेल फिल्टर, रेडिएटरचे होस पाइप आणि त्यांच्या क्लिपा एवढं पुरे. अल्टरनेटर, स्टार्टर, सेन्सर यांचं वजन उगाच वाहू नका. सेन्सर बदलला तरी बऱ्याचदा पुढे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणी यंत्र) लावावा लागतो.

वाटेत मिळत नाही ते मागच्या घराचं सामान. १२ व्होल्टचा पाण्याचा पंप, त्याचा प्रेशर स्विच, कपलिंग (पाइप जोडायचा तुकडा), ओ-रिंगा (जोडात बसणाऱ्या रबरी रिंगा), टॉयलेटचं रबर सील. गुहागरला हार्डवेअरच्या दुकानात नळ मिळेल, पण या पंपाच्या तोंडाला बसणारं कपलिंग तिथे मिळेल असं धरून चालू नका. स्पितीतल्या काझाला तर मुळीच नको. पेटीतली जागा आधी या वस्तूंना द्या. टॉयलेटच्या सीलला मात्र सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं ग्रीस किंवा खोबरेल लावलं की रबर फुगतं आणि सील गळायला लागतं.

आता ज्या चुकीपायी तुमचे दोन-तीन दिवस वाया जातात तिच्याकडे येऊ. पार्ट विकत घेतला, पॅकिंगसकट पेटीत ठेवला आणि बंद पडल्यावर पहिल्यांदा उघडला, तर तो हमखास कुठेतरी अडतो. बेल्ट एक नंबर लांब निघतो, पंपाचे आटे जुळत नाहीत, फ्यूज मिनी हवा असतो आणि हातात मोठा असतो. मग आम्हाला फोन येतो आणि इथून कुरियर निघतं.

म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी आम्ही नवा बेल्ट गाडीला चढवतो आणि चालू स्थितीतला जुना पुसून, कापडात गुंडाळून तुमच्या पेटीत ठेवतो. “चांगला बेल्ट का काढला, बिल वाढवायला?” असं काहींनी विचारलं. विचारणं रास्तच आहे. जुना बेल्ट तुमच्याच गाडीवर चाललेला असतो, त्यामुळे तो बसणार यात शंका उरत नाही. कोणता पाना लागतो हेही तेव्हाच कळतं आणि तो पानाही पेटीत जातो. शक्य असेल तर त्या वेळी शेजारी उभे राहा. आमची मुलं दाखवून करतात. भेगा पडलेला बेल्ट मात्र आम्ही ठेवू देत नाही.

बाहेरून घ्यायचाच असेल तर बेल्टच्या पाठीवरचा नंबर बघा. ६पीके म्हणजे सहा धारा, पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. “तसाच दिसतो” यावर विसंबू नका. याच कारणासाठी लेबलचा फोटो आल्याशिवाय आम्ही फोनवर पार्ट पाठवत नाही. पूर्ण गाडीचा फोटो पाहून पंप १२ व्होल्टचा की २४चा हे सांगता येत नाही.

पंपाबद्दल थोडं अजून, कारण “पंप गेला” म्हणून येणारे बरेच फोन जाळीचे असतात. पंप वाजतोय पण पाणी येत नाही, तर आधी पंपाच्या अलीकडची जाळी उघडून धुवा. टँकरच्या आणि विहिरीच्या पाण्यातला गाळ तिथेच साठतो. नळ सगळे बंद असताना रात्री पंप मधूनच वाजत असेल, तर पंप बहुधा ठीक असून कुठल्यातरी जोडावर पाणी झिरपतंय. तिथे ओ-रिंग पुरते.

फ्यूज रंगावरून ओळखा: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. १५च्या जागी ३०चा कधीही लावू नका, तार तर सोडाच. फ्यूज वायरच्या जाडीनुसार ठरवलेला असतो. मोठा लावला की फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती वायर प्लायच्या मागे, तुमच्या बिछान्याशेजारून गेलेली असते. तोच फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा न लावता ती लाइन बंद ठेवा आणि आम्हाला फोन करा. असा फोन कितीही वाजता आला तरी चालेल.

ज्यांना हे सगळं जमवायला वेळ नाही त्यांच्यासाठी आम्ही गाडीनुसार पेटी भरून देतो. प्रत्येक पार्ट तुमच्या गाडीला एकदा लावून पाहिलेला असतो, पुड्यावर मराठीत नाव आणि जागा लिहिलेली असते, आणि वापरला नाही तर पुढच्या सर्व्हिसिंगला आम्ही तो तपासून देतो. गाडी आमच्याकडे बांधलेली नसली तरी पेटी मिळेल. फक्त गाडी एक दिवस इथे ठेवावी लागेल. लडाख-स्पितीला निघणाऱ्यांची मे महिन्यात गर्दी होते, तेव्हा एप्रिलमध्येच दिवस ठरवून घ्या.