तलवार चामड्यात नको, लाकडात ठेवा

खंडेनवमीला तलवार म्यानातून काढल्यावर पात्यावर तांबूस ठिपके दिसले, की सगळा दोष पावसाळ्यावर जातो. नाशिकची चार महिन्यांची दमट हवा हे कारण खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं चामड्यात असतं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावलेलं कातडं आम्लधर्मी असतं. त्याचा पीएच साधारण ३.५ ते ५ भरतो. ते नुसतंच पात्याला चिकटून राहिलं तर ओलही धरतं आणि पोलादही खातं. म्हणून चांगल्या म्यानात चामडं बाहेर आणि लाकूड आत.

नाशिकच्या उत्तरेला असलेल्या रामशेज किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा गडकऱ्यांनी चामडं चढवलेल्या लाकडी तोफा वापरल्याचं मुघल इतिहासकार खाफीखान सांगतो. काम निराळं, पण जोडी तीच. ओलं कातडं सुकताना आकसतं आणि आतल्या लाकडाला आवळून धरतं.

हे आवळणं साधायचं तर चामडं झाडपाल्यात कमावलेलंच हवं, कोल्हापुरी चपलेला लागतं त्या जातीचं. पर्स-जॅकेटचं मऊ चामडं बहुतेक वेळा क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. ते ओलं करून दिलेला आकार धरत नाही. ओळख सोपी आहे. रापीने (चामडं कापायच्या सुरीने) कड कापून पाहा: आत निळसर-करडा रंग दिसला तर क्रोम, तपकिरी दिसला तर सालीचं. रंगवलेल्या चामड्यात डोळा फसतो, तेव्हा छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाकावा. सालीचं चामडं लगेच आखडून कडक होतं, क्रोमचं बहुधा तसंच राहतं. सालीच्या ओल्या चामड्यातले कोलॅजनचे धागे ७० ते ८५ अंशांच्या आसपास कायमचे आकसतात. ओलं म्यान हीटरसमोर किंवा एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर वाळत घालू नये ते यासाठीच.

आतल्या गाभ्यासाठी शिवणीच्या झाडासारख्या हलक्या लाकडाच्या ५ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. प्लायवूड टाळावं, त्याच्या गोंदातून निघणारी वाफ धातूला बाधते. प्रत्येक पट्टीत पात्याच्या अर्ध्या जाडीइतकी खाच कोरायची आणि वर अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवायची. पातं धरून ठेवण्याचं काम फक्त म्यानाच्या तोंडाजवळच्या ३-४ सेंटिमीटरचं. धार कुठेही घासता कामा नये. पात्याचा बाक वर्तुळाच्या कंसासारखा एकसारखा असेल तर पातं अरुंद खाचेतूनही सरकतं. तो टोकाकडे वाढत गेला असेल तर खाच रुंद करावी लागते, नाहीतर तोंडाशी पाठीच्या बाजूने चीर ठेवावी लागते. बहुतेक नवी म्यानं इथेच बिघडतात.

पट्ट्या चिकटवून बाहेरून लाखेचा पातळ हात द्यावा, म्हणजे ओल्या चामड्याचं पाणी लाकडात मुरणार नाही. चामडं १.५ मिलिमीटर जाडीचं. गाभ्याचा घेर कागदाच्या पट्टीने मोजून रुंदी त्याहून ३-४ मिलिमीटर कमी ठेवावी. ओलं चामडं तेवढं ताणतं. कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवून, रंग परत उजळू लागला की शिवायला घ्यावं. टाका दोन सुयांचा, मेण लावलेल्या दोऱ्याचा, ३ मिलिमीटरवर. दोरा शिवणीच्या चौपट. दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. आरी (भोक पाडायचा टोच्या) चामड्याच्या वरच्या बाजूने तिरपी घालून कडेतून काढली, तर दोन्ही कडा समोरासमोर बसतात आणि शिवण उंच येत नाही. नंतर सावलीत दोन दिवस वाळवावं, आत पात्याऐवजी लाकडी पट्टी ठेवून.

या वेळी लोखंडी अवजार ओल्या चामड्यावर टेकवू नका. टॅनिन आणि लोह भेटले की काळा डाग पडतो. हिरडा-हिराकसची शाई याच क्रियेने काळी होते. म्यान मुद्दाम काळं करायचं असेल तर व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस मुरवून तेच पाणी लावतात. पण नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसलं नाही, तर उरलेलं आम्ल चामडं आणि दोरा दोन्ही कुजवतं.

धनुर्विद्येच्या चामडी सामानात काम सोपं आहे. मनगटावरच्या पट्टीला संस्कृतात गोधा म्हणतात, आणि गोधा म्हणजेच घोरपड. ती २.५ ते ३ मिलिमीटरच्या चामड्याची करावी. हाताच्या आतल्या बाजूला गाठ, बक्कल, उचललेली कड असं काहीच नको. प्रत्यंचा तिथेच अडकते. भात्याचा तळ दुहेरी करावा, बाणाची टोकं पहिल्यांदा तोच फाडतात.

पातं घालण्यापूर्वी पॉलिशपेपरने चकचकीत केलेला एक खिळा आठवडाभर म्यानात ठेवा. त्यावर गंज आला तर म्यान अजून ओलं आहे. जून ते सप्टेंबर पातं तेल लावून वेगळं ठेवावं आणि म्यान हवेत टांगावं. खोबरेल मात्र चामड्याला नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि नाशिकच्या थंडीत चामड्यावर पांढरी साय येते. ही साय की बुरशी, अशी शंका आली तर केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून द्या. साय विरघळून जिरते, बुरशी तशीच राहते.