आठ हजारांत एक: पायॉनच्या दुर्मीळ क्षयाची पार्श्वभूमी
धनभारित पायॉन हा अणूहून लहान, अस्थिर कण सरासरी २६ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) टिकतो आणि मग जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचे म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) व न्यूट्रिनोत (विद्युतभार नसलेला, अत्यंत हलका कण) रूपांतर होते; यालाच क्षय म्हणतात. पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) व न्यूट्रिनो देणारा क्षय सुमारे ८,१०० पायॉनांमागे एकदाच घडतो. पॉझिट्रॉन म्युऑनच्या दोनशेव्या हिश्शाइतका हलका असल्याने खरे तर हीच वाट सोपी असायला हवी होती.

पायॉन १९४७ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलला भौतिकशास्त्रज्ञ सेसिल पॉवेल यांच्या गटाला सापडला. परंतु त्याचा हा दुसरा क्षय दहा वर्षे कोणालाच दिसला नाही. १९५७ मध्ये शिकागोत अँडरसन आणि लाटेस यांनी तर तो जवळपास नाहीच, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी जॉर्ज सुदर्शन (पूर्वी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले) आणि रॉबर्ट मार्शक यांनी असा सिद्धांत मांडला, की क्षीण आंतरक्रिया (असे क्षय घडवणारे मूलभूत बल) डावखुऱ्या (गतीच्या दिशेच्या उलट परिवलन असलेल्या) कणांवर आणि उजवखुऱ्या प्रतिकणांवरच चालते. पायॉनला परिवलन (कणाचे अंगभूत फिरणे) नसल्याने डावखुऱ्या न्यूट्रिनोसोबत निघणाऱ्या पॉझिट्रॉनलाही, प्रतिकणांच्या या नियमाच्या उलट, डावखुरे व्हावे लागते, आणि कण जितका हलका, तितके हे त्याला अवघड. म्हणून हा क्षय दुर्मीळ असला तरी तो घडलाच पाहिजे. सिद्धांताच्या आड येणारे चार प्रयोग पुन्हा तपासावेत, असे दोघांनी स्पष्ट लिहिले, आणि शिकागोचा प्रयोग त्यांतलाच एक होता. प्रस्थापित मोजमापांपुढे इतके ठाम राहणे मला आजही विलक्षण वाटते. १९५८ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संशोधन केंद्रातील सिंक्रोसायक्लोट्रॉनवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) हा क्षय सापडला.

त्यानंतर प्रश्न अचूकतेचा उरला. थेट क्षयातला पॉझिट्रॉन सुमारे ७० एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा घेऊन येतो, तर म्युऑनमार्गे, म्हणजे म्युऑनच्या पुढच्या क्षयातून, येणारा ५३ एमईव्हीच्या वर जात नाही. त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात. मात्र थेट पॉझिट्रॉनची थोडी ऊर्जा शोधकाच्या (कण टिपणाऱ्या उपकरणाच्या) स्फटिकाबाहेर निसटली, की तो म्युऑनमार्गे आलेल्यांच्या गर्दीत मिसळतो. असे किती निसटले, हे ठरवण्यातच प्रयोगाचा मोठा कस लागतो. व्हँकूव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेतील पायेन्यू गटाने २०१५ मध्ये थेट क्षयाचे म्युऑनच्या क्षयमार्गाशी असलेले गुणोत्तर दहा हजारांमागे १.२३४ असे, सुमारे पाव टक्क्याच्या अचूकतेने, प्रसिद्ध केले. सिद्धांताचे गणित १.२३५२ सांगते, आणि ते प्रयोगाहून दहापटींहून अधिक काटेकोर आहे. इलेक्ट्रॉन व म्युऑन यांना निसर्ग खरोखर समान वागवतो का, याचे उत्तर प्रयोग आणि सिद्धांत यांच्या आकड्यांतील फरकात अडकले आहे. शिवाय मूळ क्षयच इतका दबलेला असल्याने एखाद्या अज्ञात जड कणाचा हलका स्पर्शही येथे उठून दिसेल. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतील पायोनियर प्रयोग म्हणूनच ०.०१ टक्क्याच्या अचूकतेचे लक्ष्य ठेवून आखला आहे.