व्ही१४.०: गेटच्या आत ट्रकखाली आलेला सायकलस्वार कुठे मोजायचा?

साखर कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापासून गव्हाणीपर्यंत उसाच्या ट्रकांची रांग लागलेली असते. त्या रांगेच्या कडेने सायकलवरून पाळीला निघालेला कामगार वळणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली आला, तर त्याला रस्ता अपघात म्हणायचं का? विमा कंपनीचं, मोटार अपघातांची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाचं आणि मृत्यूचं कारण नोंदवणाऱ्याचं उत्तर वेगवेगळं निघू शकतं. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, या घटनेला स्वतःची जागा आहे: व्ही१४.०. ती मिळायला जवळपास शंभर वर्षं गेली.

या वर्गीकरणाचं मूळ असलेली, १८९३ साली शिकागोत फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियोंनी मांडलेली यादी फक्त मृत्यूच्या कारणांची होती. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत दुहेरी नोंद आली: इजा कोणती हे ‘एन’ कोडने आणि ती कशामुळे झाली हे ‘ई’ कोडने. नवव्या आवृत्तीत आधी रस्त्यावरचा की रस्त्याबाहेरचा, असा फाटा पडे. रस्त्याबाहेरचे मोटार अपघात ई८२० ते ई८२५ मध्ये जात. हलत्या वस्तूशी टक्कर झाली तर ई८२२, आणि जखमी सायकलस्वार असेल तर पुढे ६. पण धडकलेली गाडी जीप होती की दहाचाकी, हे त्या आकड्यावरून कळायचं नाही.

१९९० मध्ये मंजूर होऊन १९९४ पासून वापरात आलेल्या दहाव्या आवृत्तीने हा क्रमच फिरवला. आधी जखमी कशावर होता ते पाहायचं; सायकलस्वारांसाठी व्ही१० ते व्ही१९. मग समोर काय होतं ते: मोटार, पिकअप किंवा व्हॅन असेल तर व्ही१३, अवजड मालवाहन किंवा बस असेल तर व्ही१४. रस्त्यावर की बाहेर, हा प्रश्न शेवटच्या अंकावर गेला. रस्त्याबाहेर सायकल चालवणारा .०, कॅरिअरवर डबलसीट बसलेला .१, दोघांपैकी कोण ते माहीत नसेल तर .२. सायकलवर चढता-उतरताना लागलं तर .३, आणि गंमत म्हणजे या .३ मध्ये आत-बाहेर हा भेदच नाही. सायकल हातात धरून चालणारा तर सायकलस्वारच नव्हे. तो पादचारी, व्ही०४.०.

‘अवजड’ची व्याख्याही नेमकी आहे. मालासाठी बनवलेलं, साधारणपणे ३,५०० किलोच्या वरचं, वेगळा परवाना लागणारं वाहन. बस म्हणजे दहापेक्षा जास्त माणसांची. ट्रॅक्टर मात्र, ट्रॉलीसकट, शेतीच्या खास वाहनांत मोडतो. म्हणजे त्याच आवारात, त्याच वळणावर उसाची ट्रॉली अंगावरून गेली तर ती नोंद व्ही१४ मध्ये बसत नाही.

इजांचं स्वरूप मात्र सारखंच असतं, आणि त्याला वेग लागत नाही. लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून कापत जातात. आतल्या बाजूला असलेल्या सायकलस्वाराला केबिन पुढे गेल्यावर वाटतं की गाडी गेली. तेवढ्यात बाजूची जागा मिटते. हँडल अडकून तो पडतो तो नेमका चाकापुढे. ओटीपोटाची हाडं चिरडतात, मांडीची कातडी खालच्या मांसापासून सोलून निघते. रिव्हर्सला थेट मागचं आरशात दिसत नाही; मागे क्लीनर उभा नसेल तर सांगणारंही कोणी नसतं.

आता खरी मेख. आयसीडीत ‘सार्वजनिक रस्ता’ म्हणजे हक्काने किंवा वहिवाटीने लोकांना खुली असलेली जमीन, एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंत; फूटपाथ त्यातच आला. अपघात रस्त्यावर सुरू झाला किंवा रस्त्यावर संपला, तरी तो रस्त्यावरचाच. आणि ठिकाण लिहिलंच नसेल तर तो रस्त्यावर घडला असं धरायचं. कारखान्यातला मृत्यू त्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे व्ही१४.४, म्हणजे रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याचा, होतो.

कायद्याची रेघ दुसरीकडेच आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या ‘सार्वजनिक ठिकाण’ या शब्दांचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये लावला: जागा खासगी असली आणि प्रवेशावर नियंत्रण असलं, तरी लोक तिथे येत असतील तर ती सार्वजनिक. त्यामुळे न्यायाधिकरणापुढे जो मोटार अपघात, तोच आकडेवारीत रस्त्याबाहेरचा, असं होऊ शकतं. यात विसंगती नाही. एक व्याख्या भरपाईसाठी आहे, दुसरी मोजणीसाठी.

२०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने रस्त्यावरच्या आणि रस्त्याबाहेरच्या घटनांचे गट पुन्हा वेगळे केले आहेत. पण गट कितीही नीट पाडले तरी कोड लावणाऱ्याच्या हातात येतो तो कागदच. आपल्याकडे रुग्णालयातल्या मृत्यूसाठी कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचा नमुना ४ असतो, त्यात इजा कशी झाली हे विचारलेलं असतं. तिथे केस पेपरवरचं ‘आरटीए’ (रोड ट्रॅफिक ॲक्सिडेंट, रस्ता अपघात) जसंच्या तसं उतरवू नये. लिहावं ते असं: ‘कारखान्याच्या गेटच्या आत, सायकल चालवत असताना, वळणाऱ्या ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाखाली.’