सोलापुरात मालमत्ता कायदा शिकताना: गहाणखत, मिताक्षरा आणि जुनी मिल

एलएल.बी.च्या वर्गात मालमत्ता कायद्याचा पेपर सुरू झाला की लवकरच कलम ५४ येतं आणि घरून आणलेली एक समजूत गळून पडते. ‘इसार दिला, साठेखत झालं, आता जागा आपली’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. कायदा म्हणतो, नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत खरेदीखतच हवं. साठेखताने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, खरेदीखत करून मागण्याचा अधिकार तेवढा मिळतो.

हे कलम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं. वर्गात सगळे त्याला टी. पी. ॲक्ट म्हणतात. १ जुलै १८८२ ला तो अमलात आला, पण मुंबई इलाख्याला सुरुवातीला तो लागू नव्हता. सोलापूर इलाख्यातच असल्यामुळे तो इथे आला १ जानेवारी १८९३ ला. त्याआधी तेरा वर्षांहून अधिक काळ जिल्ह्यात एक वेगळाच कायदा चालू होता. अभ्यासक्रमात तो आता नाही, पण गहाणाचं प्रकरण खरं समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी, असं मला ठामपणे वाटतं.

१८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. सुपे गावापासून उसळलेल्या त्या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख होता सावकाराच्या घरातल्या कागदांवर. कर्जरोखे, गहाणखतं, हुकूमनामे (कोर्टाचे वसुलीचे आदेश) ताब्यात घेऊन जाळले गेले. जमीन कागदावरून जाते, हे त्यांना नेमकं कळलं होतं. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो लागू झालेले चार जिल्हे म्हणजे पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर.

या कायद्याने दिवाणी न्यायाधीशाला एक विलक्षण काम दिलं: कागदावरचा आकडा तसाच न स्वीकारता व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासूनचा हिशेब उकलून पाहायचा. मुद्दल किती, व्याज किती, फेडीत किती गेलं, सगळं. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं. खास गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीनही जप्त करता येईना.

सावकारांनी वाट काढली. गहाणखताऐवजी ते खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि ‘पैसे फेडलेस की जमीन परत’ हे तोंडी राहू लागलं. पुढे कोर्टांना असे व्यवहार खरोखर विक्रीचे होते की गहाणाचे, हे तोंडी पुरावा घेऊन तपासण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे ज्याला मुदत खरेदी म्हणतात, तिची ही पार्श्वभूमी.

आता कलम ५८(क) वाचा. सशर्त विक्रीचं गहाण. १९२९ च्या दुरुस्तीने त्याला एक परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी अट, जोडलं गेलं: जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. परीक्षेत हे परंतुक दोन-तीन ओळींत लिहून गुण मिळतात. पण दख्खनच्या जुन्या कायद्याचं संरक्षण सरल्यावर, सावकाराच्या शब्दावर जमीन लिहून दिलेल्या कुळंब्याच्या नातवंडांना या एका वाक्याचा अर्थ काय होता, याचा विचार करून पाहावा. कलम ६० मधला गहाण सोडवून घेण्याचा हक्कही अंगठा नेमका कोणत्या कागदावर उमटला होता यावर अवलंबून राहिला.

टी. पी. ॲक्ट मुख्यतः जिवंत माणसांमधल्या हस्तांतरणाचा. वारसा त्याच्या कक्षेबाहेरचा आणि तो धागा सोलापूरच्या अगदी जवळून जातो. हैदराबाद रस्त्याने उमरगा ओलांडलं की थोड्या अंतरावर बसवकल्याण लागतं, चालुक्यांची जुनी राजधानी कल्याणी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवरची मिताक्षरा टीका तिथे लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो, हे तिचं सूत्र. बंगालची दायभाग परंपरा याउलट बापाच्या मृत्यूनंतर हक्क मानते. मिताक्षरेचा हा जन्मसिद्ध हक्क मुलींना मिळायला मात्र महाराष्ट्रात १९९४ आणि देशभर २००५ उजाडावं लागलं. तरीही बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेणं थांबलेलं नाही, ही मला फार टोचणारी गोष्ट आहे.

शेवटची कथा शहरातलीच. जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून तिचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि डिसेंबर १९५० मध्ये ती बहुमताने फेटाळली गेली. दुसरे भागधारक द्वारकादास श्रीनिवास यांच्याकडे सरकारने नेमलेल्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरवरची (लाभांशात अग्रहक्क असलेल्या शेअरवरची) भरायची राहिलेली रक्कम मागितली, तेव्हा तेही कोर्टात गेले. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने वेगळं ठरवलं: मालकी कागदावर कंपनीकडेच असली, तरी ताबा आणि कारभार काढून घेणं म्हणजे मोबदला न देता मिळकत हिरावणंच.

१९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निकालांमुळे आली त्यांत हा एक. मालकी किंवा ताब्याचा हक्क सरकारकडे हस्तांतरित होत नसेल तर ते सक्तीचं संपादन मानू नये, असं अनुच्छेद ३१ मध्ये घातलं गेलं. पुढे ४४ व्या दुरुस्तीने १९७९ मध्ये मालमत्तेचा मूलभूत हक्कच गेला आणि उरला अनुच्छेद ३००अ: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मिळकत काढून घेता येणार नाही.

हे दोन्ही निकाल विद्यार्थ्यांना भेटतात ते संविधानाच्या पेपरात, मालमत्ता कायद्याच्या तासाला नव्हे. मी ते कलम ५४ च्याच आठवड्यात वाचायला सांगेन. ‘मालकी’ या एका शब्दात ताबा, कारभार, उत्पन्न आणि विकण्याचा हक्क असं किती काय बांधलेलं असतं आणि त्यातलं एकेक सुटं करून कसं काढून घेता येतं, ते जुन्या मिलच्या या दोन खटल्यांत जितकं स्पष्ट दिसतं, तितकं मला इतरत्र क्वचितच दिसलं.